एपसिलॉन कोण देतं?

"समजलं?" चिंचमलातपुरे सर फळ्याकडून वळून म्हणाले.

"हो, सर!" अख्खा वर्ग म्हणाला.

मी उभी राहिले. "नाही समजलं, सर."

मागच्या बाकांवरून एक लांबलचक सुस्कारा आला. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "चूप राय न व, गाडी सुटते आमची." कॅन्टीनमधले तर्री-पोहे संपत आलेले असायचे, खेड्यांकडे जाणाऱ्या एसट्या फाटकाबाहेर घरघरत असायच्या, आणि अशा वेळी मी उभी राहायची. वर्गाचा माझ्यावर राग होता तो काही उगाच नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय रिअल ॲनालिसिस. प्रत्येक प्रमेय संपलं की सर "समजलं?" म्हणायचे आणि वर्ग "हो, सर!" म्हणायचा. तो खरं तर प्रश्न नव्हताच. देवळातून निघताना आपण घंटा वाजवतो, तेवढाच त्याचा अर्थ होता. पण मला तो प्रश्नच वाटायचा, आणि प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यावं, असं वळण मला घरून लागलेलं होतं.

"काय नाही समजलं, निखाडे?" सरांनी खडू टेबलावर ठेवला.

"सर, तुम्ही लिहिलं की एपसिलॉन दिलेला आहे. तो कोण देतं?"

एपसिलॉन म्हणजे एक आकडा, कितीही लहान असू शकणारा. त्या विषयातलं जवळजवळ प्रत्येक प्रमेय त्याच्यापासून सुरू व्हायचं, आणि चारदोन ओळींनी डेल्टा नावाचा दुसरा लहान आकडा कुठून तरी उगवायचा. पहिला कोणी दिला, दुसरा कोणी काढला आणि दोघांचं एकमेकांशी काय भांडण होतं, हे काही कोणी सांगत नव्हतं.

सरांची समजावण्याची एकच पद्धत होती. त्यांनी ती ओळ पुसली, नवा खडू घेतला आणि तीच ओळ जास्त ठळक लिहिली. मग ती मोठ्यानं वाचली.

"आता?"

"हो, सर!"

"निखाडे?"

"सर, पण देतो कोण?"

सरांनी नोट्सची पानं उलटून पाहिली. त्या नोट्स त्यांना त्यांच्या सरांकडून मिळाल्या होत्या. कागद पिवळे पडले होते, कडा पापडासारख्या तुटत होत्या, आणि त्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"परीक्षक देतो," सर शेवटी म्हणाले. "पेपरात छापलेला असतो. आपण वाचायचा आणि पुढे लिहायचं. बसा."

वर्ग खदखदून हसला. मी बसले. मग सरांनी हजेरी घेतली आणि माझ्या नावापुढे फुली मारली.

"सर, मी तर हजर आहे."

"बघा," सर म्हणाले, आणि त्या वर्षात प्रथमच त्यांचा चेहरा खऱ्या शिक्षकासारखा उजळला. "प्रश्न विचारला, म्हणजे समजलं नाही. समजलं नाही, म्हणजे लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं, म्हणजे तुम्ही वर्गात नव्हता. सिद्ध झालं."

नोट्स न बघता सरांनी सिद्ध केलेलं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव प्रमेय. मला आधी ती गंमत वाटली. पण सर गंमत करणाऱ्यातले नव्हते. ज्या ज्या दिवशी मी उभी राहिले, त्या त्या दिवशी फुली पडली. आणि मी उभी राहिले नाही असे दिवस फार थोडे होते.

आमच्या वर्गात पहिला यायचा पद्माकर उरकुडे. त्याच्या अभ्यासाची तारीफ सगळं कॉलेज करायचं. त्याला प्रत्येक प्रमेय पाठ होतं, स्वल्पविरामासकट. सरांनी विचारलं की तो उभा राहून डोळे मिटून म्हणायला लागायचा, आणि पुस्तकात जिथे पान उलटतं तिथे आला की नकळत जिभेला बोट लावायचा. मी एकदा त्याला विचारलं, "पद्माकर, तुला समजते का रे हे?"

"समजून कोणाचं भलं झालं?" तो म्हणाला. "समजाले लागलं की पाठांतर बिघडते."

घरी मी हे बाबांना सांगितलं. बाबांची गावात पिठाची गिरणी होती. भुवयांवर, मिशांवर, कानाच्या पाळीवर कायम पीठ बसलेलं. त्यांनी पट्टा उतरवला आणि गिरणी थांबल्यावर मला म्हणाले, "हजेरी काहून लागत नाई पण? रोज त जातेस तू."

"इचारते म्हून."

"मंग नको इचारू."

"नाई इचारलं त समजन कसं?"

बाबांना हजेरीची चिंता होती त्याला कारण होतं. माझ्यासाठी वणीजवळचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं कृषी केंद्र होतं, बियाणं आणि फवारणीचं औषध विकायचं. मला त्या मुलाबद्दल काही म्हणायचं नाही. तो बिचारा पाहायला आला तेव्हा सारा वेळ आमच्या मांजराशीच खेळत होता. पण मला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, आणि बाबांनी मोठ्या मुश्किलीनं ते मान्य केलं होतं ते एका अटीवर. "एकही वर्ष वाया गेलं त कॉलेज बंद. पाव्हण्याइले म्या वैशाखाचा शब्द देऊन ठेवला हाय. पास झाली त मीच जाऊन नाई म्हणीन." आणि परीक्षेला बसायचं तर टर्म मंजूर व्हायला हवी होती, टर्म मंजूर व्हायची तर हजेरी भरायला हवी होती, आणि हजेरी चिंचमलातपुरे सरांच्या पेनात होती.

त्याच सुमाराला कॉलेजात समिती येणार असल्याची बातमी आली.

समिती म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी बाहेरगावची मंडळी. ती येणार म्हटल्यावर आमच्या कॉलेजला एकदम स्वच्छतेचा ताप भरला. भिंतींना रंग लागला. गावातल्या रोपवाटिकेतून कुंड्या उसन्या आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं, जे मी तीन वर्षांत कधी उघडं पाहिलं नव्हतं. आणि प्राचार्य वाघाडे यांनी प्रत्येक विभागाला फर्मावलं, की समितीला दाखवायला एक आगळावेगळा उपक्रम हवा.

गणित विभागाचा उपक्रम एका रात्रीत उगवला. सकाळी पाहतो तर वर्गाच्या दाराशेजारी एक भलामोठा रंगीत फलक: 'यशस्वी गणित-अभ्यासाच्या दहा सवयी'. पहिली सवय, पहाटे उठून ताज्या मनानं गणित करावं. हे लिहिणारे सर स्वतः पहिल्या तासाला गालावर उशीची घडी घेऊन यायचे. दुसरी, प्रमेय पाठ न करता समजून घ्यावं. तिसरी, उत्तर पाहण्याआधी स्वतः झटून बघावं. चौथी, समजलं नाही तर वर्गात त्याच वेळी निर्भयपणे विचारावं. अशा नऊ सवयी होत्या, आणि खरं सांगते, नऊच्या नऊ चांगल्या होत्या. दहावीपर्यंत येता येता सरांचं डोकं थकलं असावं, कारण दहावी सवय होती, गुरुजनांवर श्रद्धा ठेवावी.

फलकाच्या खाली पद्माकरचा फोटो होता. फोटोखाली लिहिलं होतं, 'या सवयींचा लाभार्थी'.

मी सरांना गाठलं. "सर, चौथी सवय वाचली."

"मग?"

"मी तीच करते, सर. आणि तुम्ही फुली मारता."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "निखाडे, ती समितीसाठी आहे."

मग तालमी सुरू झाल्या. समितीसमोर सर एक नमुन्याचा तास घेणार होते. विषय सातत्य, म्हणजे आलेख कुठे तुटत नाही ते कसं दाखवायचं. तोच तास आम्ही रोज बसवायचो. ठरलेल्या जागी पद्माकरनं उठून विचारायचं, "सर, डेल्टा हा एपसिलॉनवर अवलंबून असतो का?" सरांनी दोन पावलं पुढे येऊन म्हणायचं, "वा! फारच मार्मिक शंका." एका तालमीत पद्माकर इतका पुढे गेला की सरांनी प्रमेय लिहायच्या आधीच त्यानं शंका विचारली, आणि सरही सवयीनं "वा!" म्हणून मोकळे झाले. शेवटी "समजलं?" आणि "हो, सर!" हे तर आमचं मुळातच बसलेलं होतं, त्याला तालीम लागली नाही.

तालमीतही मी एकदा उभी राहिले. त्या संध्याकाळी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"निखाडे, तुमची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या पार खाली गेली आहे. टर्म जाते तुमची."

"सर, मी एकही तास बुडवला नाही. तापाचा आठवडा सोडून."

"ते राहू द्या. समितीच्या दिवशी तुम्ही वर्गात बसायचं नाही. स्वागताला राहायचं. साडी नेसून ताट धरायचं. समिती जाईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तेवढं केलंत, तर मी हजेरीचं बघतो."

मी हो म्हणाले. मला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. वैशाख जवळ आला होता, आणि तोंड मिटून ताट धरणं हे काही गणिताइतकं अवघड काम नव्हतं.

समितीच्या दिवशी मी आईचा लग्नातला शालू नेसून दारात उभी राहिले. समितीत तिघं होते. दोघं पुरुष औक्षण झाल्याबरोबर चहाकडे वळले. तिसऱ्या होत्या डॉ. आठल्ये. पुण्याकडच्या कुठल्याशा विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्या फलकापाशी थांबल्या आणि पहिल्या सवयीपासून दहाव्या सवयीपर्यंत सगळं वाचलं. त्या दिवसापर्यंत तो फलक कोणी शेवटपर्यंत वाचलेला मी पाहिला नव्हता. मग त्या वर्गात शिरून अगदी मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी ताट घेऊन दाराशीच उभी राहिले, कारण समिती बाहेर पडेपर्यंत निरांजन विझता कामा नये, असा प्राचार्यांचा हुकूम होता.

तास ठरल्याप्रमाणे झाला. पद्माकरनं योग्य वेळी शंका विचारली. सर दोन पावलं पुढे आले. शंका मार्मिक निघाली. सरांनी 'समजलं?' विचारलं आणि वर्गानं असा काही होकार दिला की शेजारच्या रसायनशास्त्राच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं.

आठल्ये बाई उठल्या. "सर, मुलांना मी एक विचारू का?"

"अवश्य, मॅडम. आमची मुलं निर्भय आहेत."

बाई फळ्यापाशी आल्या. "इथे लिहिलंय, एपसिलॉन दिलेला आहे. कोण देतं तो?"

माझा प्रश्न एवढ्या मोठ्या बाईंना पडू शकतो, हे मला खरंच वाटेना.

ही शंका तालमीत नव्हती. अखेर पद्माकर उठला. त्यानं जिभेला बोट लावलं आणि म्हणाला, "परीक्षक, मॅडम."

"बरं. आणि डेल्टा?"

पद्माकरच्या पाठांतरात हे पानच नव्हतं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं त्याला वाचवायचं म्हणून सांगितलं, "डेल्टा सर देतात."

"असं. समजलंय ना हे सगळ्यांना?"

"हो, सर!" अख्खा वर्ग बाईंना म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि त्यांची नजर दाराकडे गेली.

"तुम्ही पण गणिताच्याच का?"

"हो, मॅडम."

"तुम्हाला समजलं?"

बाईंच्या पाठीमागे चिंचमलातपुरे सर उभे होते. त्यांनी खडू उचलला आणि हवेत, बाईंना दिसणार नाही अशी, हजेरीची एक छोटीशी खूण काढली. मला ती स्वच्छ दिसली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. टर्म, परीक्षा, एम.एस्सी., सगळं त्या एका अक्षराच्या पलीकडे उभं होतं. मला 'हो' म्हणायचंच होतं. मी तोंड उघडलंही त्यासाठीच. पण सगळ्या वर्गाला लागलेली ती सवय माझ्या तोंडाला काही लागलेली नव्हती, आणि ऐन वेळी कुठली लागायला.

"नाही समजलं, मॅडम," मी म्हणाले.

सरांच्या हातातला खडू मोडला.

"ताट ठेवा खाली आणि इकडे या," बाई म्हणाल्या.

मी शालू सावरत फळ्यापाशी गेले. बाईंनी फळ्यावर एक साधंच फलन लिहिलं, कुठल्याही आकड्याची दुप्पट करणारं. "तुमचं म्हणणं, हे इथे तुटत नाही. माझं म्हणणं, तुटतं. आता आपण भांडू. मी म्हणते, उत्तरात एवढाच फरक चालेल, याहून जास्त नाही. हा माझा एपसिलॉन. तुम्ही सांगा, मूळ आकडा किती जवळ ठेवू?"

मी विचार केला. "त्याच्या निम्मं, मॅडम."

"आणि मी आणखी लहान फरक मागितला तर?"

"त्याचंही निम्मं."

"मी फार हट्टी आहे हं. आणखी लहान मागितला तर?"

"कितीही लहान मागा, मॅडम. त्याचं निम्मं." आणि हे बोलता बोलता मी स्वतःच काय बोलले ते माझ्या कानांनी ऐकलं. "मॅडम, हे तर गिरणीसारखं झालं!"

"कसं?"

"गिऱ्हाईक सांगते, पीठ केवढं बारीक पाहिजे. मग बाबा त्या हिशेबानं दगड जवळ आणतात. गिऱ्हाईक किती का किरकिरं असेना, बाबांजवळ त्याच्यापुरतं अंतर असतेच. एपसिलॉन गिऱ्हाईक देते. डेल्टा गिरणीवाल्यानं द्यायचा."

वर्ग फिसकन हसला. बाईंनी मात्र खडू माझ्या हातात दिला. "अगदी हेच. गिऱ्हाईक कोण आणि गिरणीवाला कोण, एवढं ज्याला कळलं त्याचा हा विषय अर्धा झाला."

इतका आनंद मला तोवर कशानंच झाला नव्हता. परीक्षा, हजेरी, वैशाख, काही म्हणता काही आठवत नव्हतं. मी सहज बाजूला पाहिलं, तर चिंचमलातपुरे सर नोट्सचं पिवळं पान उलटं करून त्याच्या पाठीवर भराभर लिहून घेत होते. त्यांना ते त्याच दिवशी समजत होतं.

समितीची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सर माझ्याजवळ आले. "निखाडे, आपलं काय ठरलं होतं?"

"सर, मॅडमनीच विचारलं."

"आपलं ठरलं होतं," सर म्हणाले, आणि निघून गेले.

टर्म नामंजूर झालेल्यांची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव सर्वांत वर होतं. घरी जाऊन मी गिरणीत बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, समितीच्या बाईंचंसुद्धा.

"जे समजत नव्हतं थे समजलं का मंग तुले?"

"हाव. समजलं."

"कोन्या कामाचं आता," बाबा म्हणाले आणि त्यांनी पट्टा चढवला. गिरणीच्या आवाजात ते आणखी काही बोलले, पण मला ऐकू आलं नाही. रात्री आईनं शालू घडी करून पेटीत ठेवला नाही, वरच ठेवला. लवकरच लागणार होता म्हणून. मी त्या रात्री खूप रडले.

त्यानंतर समितीचा अहवाल आला.

प्राचार्यांनी तो सभागृहात मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात आमच्या कुंड्यांबद्दल काही नव्हतं, फलकाबद्दल काही नव्हतं. गणित विभागाबद्दल मात्र असं होतं, की 'समजलं नाही असं विद्यार्थी इथे पाहुण्यांसमोरही निर्भयपणे सांगतात, ही आता दुर्मिळ होत चाललेली परंपरा विशेष उल्लेखनीय आहे'. कॉलेजचा दर्जा वाढला. ही परंपरा कष्टानं रुजवल्याबद्दल चिंचमलातपुरे सरांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. सरांनी ते अतिशय नम्रपणे स्वीकारलं.

"आणि कुठे आहे ती मुलगी?" प्राचार्यांनी माइकवरूनच विचारलं. "तिलाही वर बोलवा."

कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की त्या मुलीची टर्म गेली आहे आणि ती घरी आहे.

हे सगळं मला मागाहून कळलं. मला आणायला कॉलेजचा शिपाई मोटारसायकलवर गावात आला. बाबाही गिरणी बंद करून, मिशांवरच्या पिठासकट माझ्यासोबत आले. प्राचार्यांच्या खोलीत सर हजेरीपट उघडून बसले होते.

"सर, ही मुलगी गैरहजर कशी?" प्राचार्य म्हणाले. "उद्या पेपरवाले येतील तिचा फोटो घ्यायला."

सरांनी घसा साफ केला. "तेच मी तपासत होतो, सर. असं बघा. प्रश्न विचारला, म्हणजे लक्ष होतं. लक्ष होतं, म्हणजे वर्गात हजर होती. सिद्ध झालं."

तेच प्रमेय, उलट्या बाजूनं. सरांनी एकेक फुली खोडून मला हजर केलं, आणि एकदा हात चालू झाल्यावर मी तापानं अंथरुणात होते तो आठवडाही त्यांनी सोडला नाही. त्या वर्षी कॉलेजमध्ये शंभर टक्के हजेरी फक्त माझी होती.

बाहेर आल्यावर बाबा फलकासमोर थांबले. पद्माकरचा फोटो काढून त्याच खिळ्यांवर माझा लावला होता. खालची ओळ तशीच होती.

"लाभार्थी म्हंजे काय व?" बाबांनी विचारलं.

"ज्याले फुकट भेटते थो."

"मंग तुया फोटो काहून लावला?" बाबा म्हणाले. आणि फाटकाबाहेर पडता पडता म्हणाले, "पाव्हण्याइकडे जातो म्या उद्या. नाई म्हून सांगतो." मी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. माझ्या तोंडाला, केसांना सगळीकडे पीठ लागलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तेव्हा सर प्रमेय संपवत होते. त्यांनी वळून विचारलं, "समजलं?"

"नाही, सर!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. आधीच्या आठवड्यात तालीम झाली होती.

सरांनी ती ओळ पुसली, नवा खडू घेतला, तीच ओळ ठळक लिहिली. "आता?"

"हो, सर!"

मी एम.एस्सी. केलं, पुढचंही केलं, आणि नागपूरला शिकवायला लागले. गेल्या वर्षी एका समितीवर माझी नेमणूक झाली आणि यादीत आमचंच कॉलेज निघालं. हे माझं कॉलेज, मला पाठवू नका, असं सांगणं माझं कामच होतं. तसं कळवलंही होतं, पण पत्राला उत्तर आलं नाही, मग गेले. कुंड्या त्याच होत्या की त्यांच्या नाती होत्या, कोणास ठाऊक. फलकाला नवा रंग दिला होता. गणिताला आता प्रा. पद्माकर उरकुडे होते. पोट सुटलेलं, केस विरळ, हातात तेच पिवळे कागद, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मी जाऊन मागच्या बाकावर बसले. प्रमेय संपलं.

"समजलं?" पद्माकरनं विचारलं.

"नाही, सर!"

ओळ पुसली गेली, ठळक लिहिली गेली. "आता?"

"हो, सर!"

मी उठले. "मुलांनो, एपसिलॉन कोण देतं?"

"गिऱ्हाईक!" सगळी मुलं म्हणाली. पद्माकरनं अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

"कोणतं गिऱ्हाईक?"

मुलांनी पद्माकरकडे पाहिलं. पद्माकरनं नकळत जिभेला बोट लावलं आणि पिशवीतलं पान उलटून पाठीवर बघितलं. तिथेही ते नव्हतं. त्या मुलांनी पुड्यातलं पीठ आणलेलं, गिरणी त्यांनी पाहिली होती की नाही देव जाणे.

माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी होती. मघाशी सगळे ओरडले तेव्हा तिचे ओठ हलले नव्हते, ते मी पाहिलं होतं.

"तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

ती उठली आणि घाबरत म्हणाली, "मॅडम, मले पहिल्याच वेळी समजलं होतं."

सगळ्या वर्गानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पद्माकर माझ्या कानाजवळ वाकला. "तिची हजेरी जरा कमीच आहे, मॅडम," तो हळूच म्हणाला, आणि त्याचा हात हजेरीपटाकडे गेला.

मी तो हजेरीपट उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला. मग खडू घेऊन त्या मुलीपुढे धरला.

"मी फार किरकिरं गिऱ्हाईक आहे," मी म्हणाले. "ये पुढे. एपसिलॉन मी देते."